कोंड्याची अर्धी भाकरी

शरणबसप्पांनी डॉक्टरांना तोंडावरच सांगून टाकले, "कोंडा आमच्याकडं म्हशीच्या आंबोणात घालतेत, डॉक्टरसाहेब. माणसाच्या ताटात न्हाय." आणि ते उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

धाराशिवच्या त्या लहानशा दवाखान्यात डॉक्टरांसमोर उरली ती त्यांची सून शिवरंजनी, सासऱ्यांच्या रक्ततपासणीचा कागद हातात धरून. डॉक्टर धम्मपाल वयाने तिच्याच एवढे, तेरच्या शेतकरी घरातले. म्हाताऱ्या माणसांच्या रागाची त्यांना सवय होती. ते शांतपणे समजावून सांगू लागले. शरणबसप्पांची जेवणानंतरची साखर फार चढते आहे. चाळून चाळून पांढऱ्या केलेल्या पिठाची भाकरी पोटात गेली की तिची साखर झपाट्याने रक्तात उतरते. तेच पीठ न चाळता घेतले, त्यात थोडा गव्हाचा कोंडा मिसळला, तर ती दमादमाने उतरते. कोंड्याने आजार जात नाही, पण जेवणानंतरची उसळी कमी होते. सुरुवात चिमटीने करायची, पाणी भरपूर प्यायला द्यायचे, गोळी चालूच ठेवायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचे.

"आणि त्यांना सांगून करा," डॉक्टर म्हणाले. "आपण काय खातोय ते माणसाला ठाऊक असलेलं बरं."

घरी परतताना बेंबळीच्या बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले. घरात आणि गावात सगळे त्यांना अप्पाच म्हणत. गाडी गावाबाहेर पडल्यावर ते बोलले. "पुढच्या खेपेला म्हशीला नेऊ त्याच्याकडं. तिला भाकरी लिहून देईल."

मागच्या बाकावरची दोन माणसे हसली. शिवरंजनीही हसली, पण तिच्या मनात अप्पांच्या थोरल्या भावाचा पाय होता. याच आजाराने तो गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि उरलेली वर्षे त्या माणसाने ओसरीवरच्या बाजेवर काढली होती. सांगून केले तर अप्पा खाणार नाहीत, हे तिला बसमध्येच कळून चुकले. डॉक्टरांचे बाकी सारे ऐकायचे आणि एवढे एकच ऐकायचे नाही, असे तिने ठरवले.

अप्पांची भाकरी हा त्या घरातला प्रतिष्ठेचा विषय होता. निवडलेली मालदांडी ज्वारी, ताजे दळण, बारीक चाळणीने दोनदा चाळलेले पीठ आणि त्याची चांदण्यासारखी भाकरी. ती रुद्रम्मांच्या, म्हणजे शिवरंजनीच्या सासूबाईंच्या हातची. चाळणीत उरलेल्या कोंड्यात मूठभर पीठ घालून त्या सगळ्यात शेवटी एक जाड, खरबरीत भाकरी थापत आणि ती स्वतःसाठी ठेवत. लग्न होऊन आली तेव्हा शिवरंजनीला हा कंजूषपणा वाटला होता. पुढे तो इतका अंगवळणी पडला की दिसेनासाच झाला. अप्पांचे जेवण आटोपले की रुद्रम्मा त्यांच्याच ताटावर बसत, त्यात उरलेली अर्धी भाकरी आणि आपली कोंड्याची भाकरी जेवत, आणि शेवटी ताट बोटाने असे निपटून काढत की ते घासायला टाकावे की मांडणीवर ठेवावे, असा प्रश्न पडे.

गेल्या दिवाळीनंतर रुद्रम्मा गेल्या. भाकरीचे काम शिवरंजनीकडे आले. सासऱ्यांच्या ताटात जेवायची रीत मात्र तिच्याकडे आली नाही, आणि तसे कुणी सुचवलेही नाही.

पहिल्या दिवशी तिने न चाळलेल्या पिठात चिमूटभरच कोंडा घातला होता. तरीही पहिला घास तोंडात गेला आणि अप्पा चावायचे थांबले. डोळे समोरच्या भिंतीवर खिळले.

"पीठ चाळलंस?"

"चाळलं की अप्पा. बारीक चाळणीनं."

अप्पांनी तिच्याकडे पाहिले, मग हातातल्या तुकड्याकडे. आता ताट भिरकावतात की काय, अशी भीती तिला वाटली. पण त्यांचा आवाज उलट मऊ झाला होता. "बरं. जा तू आत. ताट इथंच राहू दे. नंतर ने."

तासाभराने ती ताट न्यायला आली तेव्हा त्यात एक कण नव्हता. अप्पांच्या पोटात कोंडा गेला म्हणून तिला इतके हायसे वाटले की ताटावरून कुणी बोट फिरवल्यासारखे दिसते आहे, हे तिच्या ध्यानात फार उशिरा, ते घासायला घेतल्यावर आले. अप्पा ताट निपटत नसत. त्यांच्या ताटात चटणीचा डाग आणि भाजीचा रस्सा नेहमी राहत असे.

दोन आठवड्यांनी साखर तपासली तेव्हा ती चांगलीच खाली आली होती. अप्पा खूश होते. "बघा डॉक्टर, तुमचा कोंडा न खाता उतरली." डॉक्टर धम्मपालांनी शिवरंजनीकडे पाहिले. तिने नजर कागदावर वळवली. डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवली आणि, का कोण जाणे, बोट टोचून साखर बघायचे छोटे यंत्र घरी आणून ठेवायला सांगितले. तिचा नवरा महांतेश याचे बसस्टँडजवळ बियाणे-खतांचे दुकान होते. त्याने ते त्याच संध्याकाळी आणले.

चैत्र लागला. दुपारी वीज जाऊ लागली. पंखा थांबला की घर अंगावर आल्यासारखे शांत होई, आणि लांबून ऐकू येणारी पिठाच्या गिरणीची घरघरही बंद पडे. अशाच एका दुपारी स्वयंपाकघरात ओटा पुसताना शिवरंजनीला माजघरातून अप्पांचा आवाज आला.

"बा. ऊट माडु."

तिचा हात थांबला. ये, जेव. एवढे कानडी तिला समजत असे. रुद्रम्मांचे माहेर आळंदकडचे, सीमेपलीकडचे. नवरा-बायकोला काही चारचौघांत आपापसांत बोलायचे असले की ती दोघे कानडीत बोलत, आणि मुलेसुना तोंडाकडे बघत राहत. रुद्रम्मा गेल्यापासून त्या घरात कानडीचा एक शब्द उच्चारला गेला नव्हता. उच्चारायला अप्पांना दुसरे माणूसच उरले नव्हते.

"अप्पा, कोण आलंय?" तिने आतूनच विचारले.

ताट सरकल्याचा आवाज आला. मग, "कोन न्हाय. तू तुझं काम कर."

त्या दिवसापासून अप्पा जेवायला उशीर करू लागले. एकच्या सुमारास बसणारा माणूस दोन वाजले, अडीच वाजले तरी "थांब जरा" म्हणत राही. कशासाठी थांबायचे ते सांगत नसत. सकाळची गोळी मात्र न चुकता घेत. पाट एकाऐवजी दोन मांडलेले असत. दुसरा कशाला, असे विचारल्यावर त्यांनी "पाय ठेवायला" असे सांगितले.

शेजारच्या धुरपदाबाईंना शिवरंजनीने परसदारी गाठले. "मावशी, तुमची मांजर आमच्याकडं येती का हो दुपारची? अप्पांच्या ताटाला तोंड लावती वाटतं."

"आमची मांजर?" धुरपदाबाईंनी कपड्यांची पिळे बादलीत टाकली. "ती पोळ्यापासनं दिसली न्हाय बाई. मेली का पळाली, देव जाने. का गं?"

"काही न्हाई."

"काही न्हाई कसं? तुझा सासरा दुपारचं कुनासंगं बोलतोय? भिंतीपल्याड ऐकू येतंय मला. माझी मी म्हनलं, रेडू लावला असंल." मग त्यांनी आवाज उतरवला. "रुद्रम्माचा जीव भाकरीत होता. न्हाय म्हनलं तरी मागं येतंय मानूस. तू एक कर, उंबऱ्यावर मीठ टाक."

"मीठ टाकलं तर अप्पांना बीपीची दुसरी गोळी लागंल, मावशी."

"हास. हास तू. शिकलेली ना."

हसून झाले, पण घरात शिरताना माजघराचा उंबरा ओलांडण्याआधी शिवरंजनीचे पाऊल क्षणभर अडले. तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने ताट वाढले, आत गेल्यासारखे केले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. फटीतून माजघराचा अर्धा भाग दिसत होता. वीज गेलेली होती. अप्पांनी कितीतरी वेळ ताटाला हात लावला नाही. मग भाकरी दोन्ही हातांनी बरोबर मधोमध मोडली, एक अर्धी खाल्ली, आणि ताट उचलून समोरच्या रिकाम्या पाटापुढे सरकवले. पाण्याचे फुलपात्रही त्या बाजूला ठेवले.

मग ते बोलू लागले. कानडीत, सावकाश, काहीतरी लांबलचक. शेतातल्या विहिरीबद्दल असावे, एवढेच तिला कळले. मधेच थांबत, मान डोलवत, पुन्हा बोलत. एकदा तर ऐकता ऐकता हसले, समोरच्याने टोमणा मारावा आणि तो आपल्याला लागू पडावा तसे. प्रत्येक थांबणे वेगळ्या लांबीचे होते. कुणी खरोखर उत्तर देत असावे, कधी थोडक्यात, कधी ऐसपैस, तसे. समोरचा पाट रिकामा होता, हे तिला स्वच्छ दिसत होते, आणि तरीही त्या पाटाकडे सलग पाहत राहणे तिला जमेना.

तिने नजर अप्पांकडे वळवली, आणि तेव्हा तिला दुसरेच दिसले. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. गुडघ्यावरची बोटे थरथरत होती. ओठ पांढुरके पडले होते. अप्पा हसत होते आणि हळूहळू एका बाजूला कलत होते.

ती धावली. "अप्पा! अप्पा!" डोळे उघडे, पण ओळख नाही. यंत्र काढले, बोट टोचले. आकडा शेहेचाळीस. तिने साखरेचे पाणी त्यांच्या ओठांशी लावले. त्यांनी दात आवळले, मान फिरवली, लहान मुलासारखा तिचा हात ढकलला. तिने त्यांचे डोके छातीशी धरले आणि घोटघोट पाजत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांचा श्वास सावरला. नजर जागेवर आली. त्यांनी सुनेकडे नाही, समोरच्या पाटाकडे पाहिले.

"गेली," ते म्हणाले. "बसली होती चांगली. तू आलीस अन् ती उठली."

महांतेशने दुकान तसेच उघडे टाकून गाडी काढली.

डॉक्टर धम्मपालांनी सगळे ऐकून घेतले. ऐकताना त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. मग ते अप्पांशी बोलले, सुनेशी नव्हे. "अप्पा, सकाळची गोळी साखर खाली ओढते. जेवण वेळेवर आणि पोटभर असेल तरच तिचा मेळ बसतो. तुम्ही जेवायला उशीर केलात आणि अर्धंच जेवलात. साखर फार उतरली की मेंदू उपाशी राहतो. मग माणसं दिसतात, आवाज येतात. साखर वर आली की ते जातं."

"म्हंजे उपाशी राहिलं की दिसती," अप्पा म्हणाले. ते जणू रस्ता विचारत होते आणि आता त्यांना रस्ता कळला होता.

डॉक्टरांनाही ते जाणवले. त्यांनी गोळी कमी केली, आणि अप्पांना महांतेशबरोबर बाहेर पाठवून शिवरंजनीला थांबवले. "कोंडा घालताय ना?"

"व्हय." तिचा चेहरा उतरला. "त्यांना न सांगता."

"कोंडा चांगलाच आहे. तो बंद करू नका. पण हे जे चाललंय ते थांबलं पाहिजे. आज तुम्ही दाराआड होता. एखाद्या दुपारी तुम्ही परसात असाल, आणि ते समोरच्या पाटाशी बोलत तसेच आडवे होतील. कुणाला कळणारही नाही."

घरी आल्यावर दुसऱ्या दुपारी अप्पांनी भाकरी पुन्हा मधोमध मोडली.

"अप्पा, सगळी खा."

"पोट भरलं."

"एक घास खाल्लाय तुम्ही."

"भरलं म्हनलं न्हवं?" आवाज चढला नाही. त्या शांतपणातच तिला समजले. काल ते नकळत करत होते. आज ते जाणूनबुजून उपाशी राहणार होते, आणि उद्याही. गूळ, साखरपाणी, गोळ्या, यंत्र, सारे हाताशी ठेवूनही ती त्यांच्या मागे चोवीस तास उभी राहू शकणार नव्हती.

ती त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. "अप्पा, ही भाकरी मी करते."

"मग? कोन करनार?"

"ह्यात कोंडा हाय. डॉक्टरांनी सांगितलेला. मीच घालते, रोज. पीठ चाळतच न्हाई मी. तुमी विचारलं तेव्हा खोटं बोलले."

अप्पा हातातल्या तुकड्याकडे पाहत राहिले. लांब कुठेतरी गिरणी सुरू झाली आणि पुन्हा बंद पडली.

"तू म्हनलीस, चाळलंय," ते म्हणाले. "म्या इचार केला. सून चाळती म्हनती, मग हातात कोंड्याची भाकरी आली कशी? ह्या घरात कोंड्याची भाकरी थापनारी एकच होती." त्यांनी तुकडा ताटात ठेवला. "चव तीच. मधनंच मला एक तुकडा द्यायची ती, बघा म्हनायची, तुमच्या पांढरीपेक्षा गोड हाय. खोटं बोलायची. गोड कुठली? खरखरीत लागायची."

"आणि अर्धी..."

"तिला पांढरी खा म्हनलं तर खाल्ली असती का? म्हनून माझ्यातली अर्धी ठेवायचो. उष्टं टाकायची न्हाय ती. रोज खायची, अन् एका शब्दानं म्हनायची न्हाय." त्यांनी दुसऱ्या पाटाकडे पाहिले. "आता ती करायली म्हनून म्या ठेवायलो. तिची तिला."

इतकी वर्षे ती अर्धी भाकरी शिवरंजनीने रोज पाहिली होती, आणि म्हाताऱ्याची भूक मंदावली आहे, एवढेच तिला त्यात दिसले होते. तिने डोळे पुसले. अप्पांनी तिला रडू दिले. "खोटं नको बोलत जाऊ," एवढेच म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी उरलेली अर्धी खाल्ली. फार सावकाश, दुसऱ्याच्या मालकीची वस्तू वापरावी तशी.

त्यानंतर काही दिवस माजघरात शांतता होती. अप्पा एकच्या सुमाराला जेवत, पुरते जेवत. साखर न चढे, न उतरे. ते बोलत फार कमी. दुपारी भिंतीला टेकून बसत आणि दुसऱ्या पाटाकडे बघत राहत. धुरपदाबाईंनी एकदा विचारले, "अप्पा, रेडू बिघडला का?" ते उठून आत गेले. आपण त्यांचा जीव वाचवला की त्यातला काही भाग काढून घेतला, हे शिवरंजनीला ठरवता येईना. भाकरीचे दोन घास कमी पडू लागले. मग चार. उशीर पुन्हा सुरू झाला.

म्हणून तिने एका दुपारी अप्पांचे ताट वाढले, स्वतःचेही वाढले, आणि ती समोरच्या पाटावर जाऊन बसली. सासऱ्यांबरोबर, त्यांच्यासमोर जेवायला बसलेली त्या घरातली ती पहिली सून. अप्पांनी भुवया उंचावल्या. मग तिच्या ताटात डोकावून पाहिले. तिथेही कोंड्याचीच भाकरी होती.

"तुला कुठं साखर हाय?"

"तुमी खाताव तर मी बी खाते."

अप्पांच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. दोघे जेवू लागले. आमटीत तिखट जास्त झाले होते. महांतेश दुकानातून डबा परत पाठवील, असे अप्पा म्हणाले. ती हसली. उन्हाची तिरीप मागच्या दारातून तिच्या पाठीवर येत होती. वीज नव्हती, पण वाऱ्याची झुळूक होती. अप्पांनी आज सकाळी पोहे खाल्ले होते, गोळी अर्धी होती, आणि जेवायला उशीर झालेला नव्हता.

अर्धी भाकरी झाली, आणि अप्पांचा हात थांबला. नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. दाराकडे.

"अप्पा?"

तिने ताट बाजूला सारले, कमरेच्या पिशवीतून यंत्र काढले. यंत्र ती आता सतत जवळ बाळगत असे. अप्पांनी नजर न काढता बोट स्वतःहून पुढे केले. घाम नव्हता. हात कोरडा, ऊबदार आणि स्थिर होता. सुई टोचली तेव्हा त्यांनी नेहमीसारखे "स्स्" केले.

"किती?" अप्पांनी विचारले.

"एकशे बत्तीस."

"चांगली हाय?"

"चांगली हाय, अप्पा. अगदी बरोबर हाय."

"मग पोटात भाकरी हाय, साखर बी हाय." त्यांचा आवाज समाधानी आणि अगदी शुद्धीतला होता. बाजारातल्या भावाबद्दल बोलावे तसे ते बोलत होते. "आता उपाशी ऱ्हायची गरज न्हाय म्हन."

त्यांनी उरलेली अर्धी भाकरी जवळ ओढली, आमटीत बुडवली आणि मोठा घास घेतला. मन लावून चावू लागले. मग दाराकडे बघूनच, पण आता मराठीत, म्हणाले, "उभी का? बस की. सून बी बसलीय."

मागून येणारी झुळूक थांबली होती. पाठीवरचे ऊन शिवरंजनीला जाणवत नव्हते. ढग आला असेल. मागे वळून पाहणे सोपे होते, मान तेवढी फिरवायची होती. अप्पा जेवत होते. ताटात आता चतकोरही उरली नव्हती.

तिने मान फिरवली नाही. पाटावरच जरा कडेला सरकली, आणि एका माणसापुरती जागा केली.